नावे अनेक, अंगठा एक

१९६८ सालचा ऑगस्ट महिना. मुंबईत पावसाळा चालू होता आणि माणसांची झोप उडाली होती.

झोप पावसाने उडवली नव्हती. रात्री कोणीतरी येत होता. शहराच्या उत्तरेला उपनगरे आहेत. तेव्हा तिथे आजच्याएवढी दाट वस्ती नव्हती. मोकळी जागा होती, झाडझुडूप होते. मधूनमधून गोणपाटाच्या नि पत्र्याच्या झोपड्या होत्या. काही माणसे तर उघड्यावरच पथारी टाकून निजत. तिथे तो अंधारातून यायचा. निजलेल्या माणसाच्या डोक्यात जड लोखंडाचा घाव घालायचा आणि आला तसा निघून जायचा. सकाळी शेजारीपाजारी उठून बघतात, तो हा प्रकार! पुरुष मेले, बायका मेल्या, लहान लेकरेसुद्धा मेली.

अशा ठिकाणी निजणारी माणसे कोण असतात, ते आपल्याला सांगायला नको. ती गाव सोडून पोटासाठी आलेली असतात. त्या काळी कोकणातून, घाटावरून किती तरी माणसे मुंबईला गेली होती. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी हमालीवर. ज्याला चाळीत खोली मिळाली तो आतून कडी लावून निजे. ज्याला मिळाली नाही त्याला कडीही नव्हती आणि दारही नव्हते.

खून झाला की पोलीस आधी विचारतात, मेलेल्याचे वैर कोणाशी होते? बांधाचे भांडण होते का? भाऊबंदकी होती का? पैशाचा काही मामला होता का? यातूनच धागा सापडतो. इथे वैर नव्हते, भांडण नव्हते. मारणाऱ्याची आणि मेलेल्याची साधी ओळखही नव्हती. आणि गरिबाच्या झोपडीतून न्यायचे ते काय? मग पोलिसांनी धागा धरायचा कुठून?

ओळखदेख नसलेल्या माणसांना एकामागून एक मारत सुटणारे असे मारेकरी जगात बऱ्याच ठिकाणी होऊन गेले. ते लवकर सापडत नाहीत, ते याच कारणाने.

भीतीचे दिवस

लोक रात्र रात्र जागू लागले. काठ्या घेऊन पाळीपाळीने पहारे करू लागले. इथपर्यंत ठीक होते. पण भीती पोटात शिरली की डोळ्यांना भलतेच दिसायला लागते. कोणी म्हणे, त्याला जादूटोणा येतो. कोणी म्हणे, तो रूप पालटतो, म्हणून सापडत नाही. एकाने सांगायचे आणि दहांनी पसरवायचे!

मग व्हायचे तेच झाले. रात्री वस्तीत अनोळखी माणूस दिसला, भिकारी दिसला, वेडाबागडा दिसला, की लोक त्याच्यावर तुटून पडू लागले. ज्यांचा काही अपराध नव्हता अशा माणसांनी मार खाल्ला.

तो मार खाणारा माणूस काय म्हणत असेल? ‘अहो, मी तो नव्हे!’ एवढेच ना? पण आपण ‘तो’ नाही, हे त्याने दाखवायचे कसे? आणि समजा, खरोखरचा मारेकरी हाती लागला आणि तोही म्हणाला, ‘मी तो नव्हे,’ तर? दोघांचे शब्द सारखेच. आरडाओरडा करून दोघांतला फरक कळत नाही. तो कळायला काहीतरी दुसरे लागते. ते काय, तेच आपण या पाठात बघणार आहोत.

जुने कागद

मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेचे उपायुक्त तेव्हा रमाकांत कुलकर्णी होते. पुढे ते महाराष्ट्राचे पोलीस महासंचालक झाले. त्यांनी तपास हाती घेतला आणि जुनी दप्तरे काढली.

जुनी का? तर असाच प्रकार मुंबईत एकदा होऊन गेला होता. १९६५ आणि १९६६ साली. त्या वेळी तो शहराच्या पूर्वेकडे, रेल्वेमार्गाच्या कडेने झाला होता. त्या रेल्वेला लोक जीआयपी म्हणत, आज आपण तिला मध्य रेल्वे म्हणतो. तिथे १९ जणांवर हल्ले झाले होते आणि त्यांतले ९ जण मेले होते. त्या वेळी त्या भागात उगाच भटकणारा एक माणूस पोलिसांनी धरला होता. पूर्वी दरोड्याच्या गुन्ह्यात त्याने पाच वर्षे तुरुंग भोगलेला होता. संशय दाट होता. पण संशयापलीकडे हाती काही लागले नाही. कोणी पाहिले नव्हते, काही सापडले नव्हते. पोलिसांनी त्याला सोडून दिले.

इथे तुम्ही म्हणाल, सोडला कशाला? तेव्हाच अडकवून टाकला असता तर पुढची माणसे वाचली असती! आम्हालाही हे वाचताना हळहळ वाटते. दोन वर्षांनी जी माणसे मेली त्यांच्या घरच्यांना तर काय वाटले असेल! पण दुसरी बाजूही बघा. नुसत्या संशयावर माणूस कायमचा कोंडून ठेवता येऊ लागला, तर संशय कोणाचा येतो? गरिबाचा, परक्याचा, ज्याला घरदार नाही त्याचा. पहाऱ्यावरच्या लोकांनी ज्यांना मारले त्यांच्यावरही संशयच होता की. पोलिसांनी पुराव्यावाचून त्याला सोडले, हे आमच्या मते बरोबरच झाले. त्याची किंमत फार मोठी पडली, हेही तितकेच खरे.

माणूस सुटला, पण कागद राहिला. पोलिसांच्या दप्तरात त्याचा फोटो होता आणि त्याच्या बोटांचे ठसे होते.

आता १९६८ सालच्या तपासात हा फोटो पुन्हा बाहेर आला. ज्यांनी मारेकऱ्याला ओझरते पाहिले होते त्यांनी सांगितलेले वर्णनही जमा झाले. पोलीस डोळ्यांत तेल घालून शहरभर फिरू लागले.

२७ ऑगस्ट १९६८ रोजी फौजदार ॲलेक्स फियालो यांना रस्त्यात एक माणूस दिसला. फोटोतला चेहरा त्यांच्या डोक्यात पक्का बसला होता. त्यांनी माणसाला हटकले. पण फियालो यांनी आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. त्यांनी तिथल्या दोन भल्या माणसांना पंच म्हणून बोलावले आणि त्यांच्यासमोर त्याची झडती घेतली.

झडतीत काय निघाले? एक चष्मा, दोन फण्या, एक कात्री, उदबत्तीचे घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि आकडेमोड केलेले दोन कागद. बाजारातून येणाऱ्या कोणाही माणसाच्या पिशवीत निघेल असेच हे सामान. पण अंगातल्या बुशशर्टावर आणि खाकी चड्डीवर रक्ताचे डाग होते. बूट चिखलाने भरले होते.

‘नाव काय?’

‘रामन राघव.’

पोलिसांच्या दप्तरात मात्र नाव होते सिंधी दलवाई! आणि तेही एकटे नव्हते. तळवाई, अण्णा, तंबी, वेलुस्वामी, अशी आणखी नावे होती. जिथे जाईल तिथे नवे नाव. मग पकडलेला रामन राघव हाच तो दप्तरातला सिंधी दलवाई, हे ठरवायचे कसे? फोटोवरून? दोन-तीन वर्षांत दाढी वाढते, गाल बसतात, माणूस ओळखू येत नाही. चेहऱ्याला चेहरा तर पुष्कळदा मिळतो. जत्रेत आपण नाही का भलत्याच माणसाला हाक मारत?

पोलिसांनी शाई घेतली आणि त्याच्या दहा बोटांचे ठसे कागदावर उमटवले.

बोटावरचे शंख आणि चक्र

आता जरा वाचन थांबवा. आपला अंगठा उजेडात धरा आणि नीट बघा.

बारीक बारीक रेघा दिसतील. शेतात नांगराने तासे पाडावीत तशा त्या एकीला लागून एक गेलेल्या असतात. कोणाच्या बोटावर या रेघा गोल गोल फिरून भोवऱ्यासारख्या दिसतात. त्याला आपण चक्र म्हणतो. कोणाच्या बोटावर त्या एका बाजूने येतात, वळतात आणि त्याच बाजूला परत जातात. त्याला शंख म्हणतात. काही थोड्यांच्या बोटावर रेघा नुसत्या मध्ये उचललेल्या असतात, जशी दाराची कमान. आपल्याकडे शंख-चक्र बघून भविष्य सांगणारे आहेत. भविष्याचे आम्हाला ठाऊक नाही. पण माणूस कोण, हे त्या रेघा सांगतात, एवढे नक्की.

या रेघा बाळ आईच्या पोटात असतानाच तयार होतात. बाळ मोठे होते, हात मोठा होतो, रेघांमधले अंतर वाढते, पण नक्षी तीच राहते. म्हातारपणीही तीच. थोडेसे भाजले, खरचटले, तर नवी कातडी येते आणि तिच्यावर जुनीच नक्षी येते. खोल जखम झाली तर वण राहतो, मग तो वणही ओळखीची खूण होऊन बसतो. जुळ्या भावांचे चेहरे सारखे असतील, पण बोटे सारखी नसतात. फार काय, आपल्या स्वतःच्या दहा बोटांतही एकासारखे दुसरे नाही.

तुम्ही विचाराल, चक्र तर पुष्कळांच्या बोटावर असते, मग फरक कळतो कसा? ठसे ओळखणारा माणूस नुसते चक्र बघत नाही. तो एकेक रेघ भिंगातून बघतो. ही रेघ कुठे तुटली? हिला कुठे फाटा फुटला? दोन रेघांच्या मध्ये एखादी आखूड रेघ आली आहे का? आपल्या शिवारातल्या पायवाटांसारखेच आहे हे. फाटे सगळ्या गावांच्या वाटांना असतात. पण अमक्या विहिरीपाशी डावा फाटा, त्याच्यापुढे इतक्या पावलांवर वाट संपली, असे सगळेच्या सगळे जिथे जुळते ते आपले गाव.

या कामाला अंगुलीमुद्रा शास्त्र म्हणतात, आणि त्याच्या पायाभरणीत आपल्या देशाचा वाटा मोठा आहे.

पूर्वी लिहिता न येणारा शेतकरी कागदावर निशाणी करीत असे. कुणबी नांगर काढायचा. त्यापुढे ‘निशाणी नांगराची’ असे लिहायचे. पण नांगर काय, कोणीही काढील! उद्या शेतकरी म्हणाला की हा माझा नांगर नव्हे, तर सावकार काय करणार? आणि सावकारानेच खोटा नांगर काढला तर शेतकरी काय करणार? १८५८ साली बंगालात विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एक युक्ती केली. राज्यधर कोनाई नावाच्या माणसाशी त्याचा रस्त्याच्या खडीचा करार होता. त्या करारावर त्याने कोनाईच्या अख्ख्या हाताचाच ठसा घेतला. पुढे तो बोटांचे ठसे घेऊ लागला आणि वर्षानुवर्षे ते जपून ठेवू लागला. त्याच माणसाचा ठसा खूप वर्षांनी पुन्हा घेतला, तर तो तसाच! आपल्या जुन्या कागदांवर ‘नि. डा. हा. अं.’ अशी अक्षरे असतात. म्हणजे निशाणी डाव्या हाताचा अंगठा. पुढे कागदोपत्री नांगराची जागा या अंगठ्याने घेतली.

पण पोलिसांपुढे एक अडचण होती. ठसे घ्यायला वेळ लागत नाही, पण हजारो कागद साठले की त्यांतला एक शोधायचा कसा? नावाने लावून ठेवावेत, तर चोर नाव बदलतो. ही अडचण कलकत्त्याच्या दोघांनी सोडवली. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस ही त्यांची नावे. दोघेही पोलीस खात्यात नोकरीला होते. त्यांची रीत ऐकण्यासारखी आहे.

प्रत्येक बोटाला एकच प्रश्न विचारायचा, चक्र आहे की नाही? एका बोटाचे दोन प्रकार झाले. दोन बोटांचे चार. तीन बोटांचे आठ. असे दुपटीने मोजत गेलो की दहा बोटांचे १०२४ प्रकार होतात. आपण पाटीवर करून बघा, बरोबर येईल. तेव्हा भिंतीला १०२४ खण करायचे आणि ज्याचा कागद त्या खणात टाकायचा. नवा माणूस आला, त्याची दहा बोटे बघितली, की नेमक्या खणाशी जायचे. सगळे दप्तर उपसायला नको. नाव कोणतेही सांगू दे! १८९७ साली कलकत्त्याला ठशांची कचेरी निघाली. अशी कचेरी जगात ही पहिलीच. या रीतीला मात्र त्यांच्या वरच्या साहेबाचे, एडवर्ड हेन्रीचे, नाव पडले. पुढे सरकारने त्या दोघांना पदव्या दिल्या, बक्षिसे दिली. पण पुस्तकांत नाव साहेबाचेच राहिले.

चहाच्या मळ्यातला खून

ठसा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे कळायला त्याच काळातली बंगालमधली एक हकीकत उपयोगी पडेल.

जलपायगुडी जिल्ह्यात चहाच्या मळ्याचा व्यवस्थापक आपल्या घरात मेलेला सापडला. गळा कापलेला, पैसे गेलेले. घरात एक पंचांग पडले होते. त्याच्यावर तपकिरी डाग होते. बारकाईने बघितल्यावर त्यांतल्या एका डागात बोटाच्या रेघा दिसल्या. तो रक्ताने माखलेल्या बोटाचा ठसा होता.

या व्यवस्थापकाचा एक जुना नोकर पूर्वी चोरीसाठी तुरुंगात गेला होता. त्याचा ठसा कलकत्त्याच्या कचेरीत होता. पंचांगावरचा ठसा आणि नोकराचा उजवा अंगठा ताडून पाहिला. जुळला! १८९८ साली खटला चालला. कोर्टाने काय निकाल दिला असेल? फाशी? नाही. कोर्टाने त्याला चोरीसाठी शिक्षा केली, खुनासाठी नाही. न्यायाधीशांनी असे धरले की, हा माणूस तिथे होता आणि त्याचे बोट रक्ताने माखले होते, हे ठशावरून ठरते. पण वार त्यानेच केला, हे पाहणारा कोणी नाही.

काहींना हा निकाल मऊ वाटेल. आम्हाला तो फार मोलाचा वाटतो. ठसा सांगतो, हे बोट या वस्तूला लागले. एवढेच सांगतो. बाकीचे दुसऱ्या पुराव्याने भरून काढावे लागते.

आता ठसा वस्तूवर उमटतो कसा, तेही सांगून टाकू. आपल्या बोटांना सारखा बारीक घाम असतो. काचेला, भांड्याला, कपाटाच्या पत्र्याला बोट लागले की त्या घामाची नक्षी तिथे राहते. डोळ्यांना ती धड दिसत नाही. पोलीस तिच्यावर बारीक पूड टाकतात, मग ती उठून दिसते. गोणपाटावर, मातीच्या भिंतीवर, खडबडीत लाकडावर असा ठसा नीट राहत नाही. म्हणून झोपडीतला गुन्हा शोधणे बंगल्यातल्या गुन्ह्याहून कठीण जाते. आणि गावात चोरी झाली की आपण काय करतो? सगळी आळी गोळा होते, जो तो कपाट उघडून बघतो, डबे हाताळतो. चोराचा ठसा आपणच पुसून टाकतो! पोलीस येईपर्यंत कशालाही हात लावू नये, म्हणतात ते यासाठी.

हाच तो माणूस

आता मुंबईला परत येऊ. पोलिसांच्या हाती दोन कागद होते. एकावर जुने ठसे, दुसऱ्यावर ताजे. नावे वेगळी. ठसे ताडून पाहिले, आणि रेघ न् रेघ जुळली. रामन राघव म्हणजेच सिंधी दलवाई. म्हणजेच तळवाई, अण्णा, तंबी, वेलुस्वामी.

पण चहाच्या मळ्यातली गोष्ट आठवा. ठशांनी एवढेच ठरले की, ज्याच्यावर पूर्वी संशय होता तोच हा माणूस. खून त्याने केले, हे अजून ठरायचे होते.

अंगावरच्या कपड्यांवर रक्त होते. पण रक्त बकऱ्याचेही असू शकते. त्या काळी प्रयोगशाळेत तपासून डाग माणसाच्या रक्ताचा आहे की जनावराच्या, ते सांगता येत असे. रक्ताचा गट कोणता, तेही कळे. पण एकच गट हजारो माणसांचा असतो. हे रक्त अमक्याच माणसाचे, असे सांगणारी तपासणी तेव्हा नव्हती. ती पुढे आली. १९८४ साली इंग्लंडात ॲलेक जेफ्रीज या शास्त्रज्ञाने तिचा शोध लावला. तिलाच आज आपण डीएनए तपासणी म्हणतो. रामन राघवच्या वेळी पोलिसांना तिच्यावाचूनच भागवावे लागले.

आरोपी तर काही बोलायला तयार नव्हता. विचारून विचारून पोलीस थकले. शेवटी त्याला विचारले, तुला काय पाहिजे? तो म्हणाला, कोंबडी. त्याला कोंबडीचे जेवण दिले. जेवल्यावर त्याने डोक्याला लावायला तेल, फणी आणि आरसा मागितला. तेल लावून, भांग पाडून, आरशात आपले रूप बघून झाल्यावर त्याने पोलिसांनाच विचारले, तुम्हाला काय पाहिजे? ते म्हणाले, खुनांविषयी सांग. आणि तो सांगू लागला.

नुसता सांगून थांबला नाही. तो पोलिसांना घेऊन उत्तर उपनगरांत गेला आणि लपवून ठेवलेल्या वस्तू त्याने काढून दाखवल्या. त्यांत लोखंडी पहार होती, सुरी होती.

हे दाखवणे फार महत्त्वाचे. का, ते नीट समजून घ्या. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आपल्या कायद्यात पुरावा धरत नाहीत. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात तसे होते आणि १ जुलै २०२४ पासून जो नवा कायदा लागू झाला त्यातही तसेच आहे. कारण उघड आहे. मारून, दमदाटी करून कोणाकडूनही ‘होय, मीच केले’ असे वदवून घेता येते. पण आरोपीच्या सांगण्यावरून एखादी लपवलेली वस्तू सापडली, तर तेवढे सांगणे कोर्ट धरते. वस्तू कुठे पुरली, हे पुरणाऱ्याला ठाऊक असते. मार खाणाऱ्या निरपराध माणसाला ते कुठून ठाऊक असणार?

आणि अशी वस्तू सापडते तेव्हा पंच लागतात. पुढेमागे आपल्यापैकी कोणालाही पंच म्हणून बोलावणे येईल. आता आपल्याला वाचता येते. तेव्हा पंचनामा पुरा वाचावा. जे आपल्या डोळ्यांदेखत झाले तेवढेच त्यात लिहिले आहे, याची खात्री करावी आणि मगच सही करावी. कोऱ्या कागदावर तर कोणी कितीही घाई केली तरी सही करू नये. दोन वर्षांनी कोर्टात वकील उलट विचारतो, ‘तुम्ही काय पाहिलेत?’ तेव्हा आपणच अडखळलो तर खरा पुरावा फुकट जातो.

रामन राघववर मालाड भागातल्या दोन माणसांच्या खुनाचा गुन्हा दाखल झाला. त्याने एकूण किती माणसे मारली, याचे आकडे निरनिराळे सांगतात. कोणी २३ म्हणतात, कोणी ४१.

वेडा की शहाणा?

१९६९ साली सेशन कोर्टात खटला उभा राहिला. तेव्हा वेगळाच प्रश्न निघाला. आरोपीचा वकील म्हणाला, हा माणूस वेडा आहे.

हा प्रश्न पळवाट म्हणून काढला, असे कोणाला वाटेल. पण कायदा म्हणतो की, आपण काय करतो आहोत, ते चूक आहे, हे ज्याला वेडामुळे कळतच नाही, त्याला गुन्हेगार धरू नये. तेव्हा तपासणे भाग होते. पोलिसांच्या डॉक्टरांनी त्याला सुमारे महिनाभर नजरेखाली ठेवले. त्यांनी सांगितले, याला वेड नाही, स्मरण चांगले आहे, आपण काय करतो ते याला कळते. आरोपीच्या बाजूने मनोविकारांचे डॉक्टर आले. त्यांनी सांगितले, याला जुना मनोविकार आहे. आपले करणे कायद्याविरुद्ध आहे, हे याला समजत नाही.

दोन डॉक्टर, दोन मते. बोटांच्या रेघा भिंगाखाली धरता येतात. मन कुठे धरणार?

सेशन कोर्टाने त्याला फाशीची शिक्षा सांगितली. त्याने अपील केले नाही. पण आपल्या देशात सेशन कोर्टाने दिलेली फाशी हायकोर्टाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. आरोपी गप्प बसला तरी हायकोर्टाला बघावेच लागते. हायकोर्टाने मनोविकारांच्या तीन डॉक्टरांचे मंडळ नेमायला सांगितले. हे डॉक्टर त्याला पाच वेळा भेटले. दर वेळी दोन-दोन तास त्याच्याशी बोलले. शेवटच्या भेटीत निरोप घेताना त्यांनी हात पुढे केला. त्याने हात मिळवला नाही. तो म्हणाला, मी कानूनचा माणूस आहे, या पापी जगातल्या माणसांना मी शिवत नाही. आपल्याला फसवून पाप करायला लावण्याचा कट चालला आहे, असे त्याच्या मनाने पक्के घेतले होते. मंडळाने अभिप्राय दिला की, याला खरोखरच मोठा मनोविकार आहे.

म्हणजे ज्याला लोक जादूगार समजत होते, रूप पालटणारा राक्षस समजत होते, तो मनाचा रोगी निघाला. यामुळे मेलेल्यांचे दुःख हलके होत नाही. त्यांच्या घरच्यांना ‘तो आजारी होता’ हे ऐकून काय समाधान मिळणार? आम्हीही याचे उत्तर देऊ शकत नाही.

त्याची फाशी बरीच वर्षे लांबली. त्याला पुण्याच्या येरवडा तुरुंगात ठेवले होते. तिथे त्याच्यावर औषधोपचार चालू होते, पण गुण आला नाही. १९८७ साली हायकोर्टाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली. १९९५ साली मूत्रपिंडाच्या आजाराने तो पुण्याच्या ससून रुग्णालयात मेला.